जिप्सीच्या डाव्या पाट्याचा बोल्ट

गाडी: मारुती जिप्सी किंग, २००१ची. काम: पुढच्या डाव्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) मागच्या टोकाचा बुश (रबरी अस्तर) बदलणे. लागणारा वेळ: एक रविवार.

वहीत पहिल्या दिवशी लिहिलेला हा अंदाज खोडलेला नाही. राहू दे तसाच.

गुरुवार, २ ऑक्टोबर (दसरा)

सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, पाने-पक्कड-हातोडा पाटावर मांडून त्यांनाही हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी सोनं द्यायला बाहेर पडलो आणि गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच गतिरोधकावर डावीकडून 'खट्'. पुढे बाजारात ब्रेक मारला, पुन्हा 'खट्'. पावसाळाभर हा आवाज अधूनमधून यायचा, पण पावसात मालवणच्या रस्त्यांवर गाडीतून एकच आवाज येत असेल तर तो आवाज म्हणायचा नाही. आज रस्ता कोरडा होता. सबब उरली नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

चाक काढलं, चॅसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, आणि पाट्याच्या मागच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल वळ्यात, टायरलिव्हर घालून हलवलं. अख्खा डोळा बोटभर मागेपुढे. रबर गेलंय.

पुढे कोणी जिप्सीखाली शिरणार असेल त्याच्यासाठी रचना लिहून ठेवतो. जिप्सीला चारही चाकांवर पाटे आहेत. पुढच्या पाट्याचं पुढचं टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या कडीला, लटकतं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. मागचं टोक मात्र चॅसिसच्या हँगरमध्ये (दोन कानांच्या पकडीत) एका जागी पक्कं असतं. ब्रेक मारला की आसाचा त्या बाजूचा सगळा रेटा चॅसिसपर्यंत पोचतो तो या एका बोल्टातून. म्हणूनच ब्रेकवर 'खट्'.

त्या डोळ्यात बुश असतो: बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी लोखंडी नळी म्हणजे स्लीव्ह, आणि दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट स्लीव्हमधून आरपार जातो आणि नट आवळला की हँगरचे दोन कान स्लीव्हला दोन्हीकडून घट्ट दाबून धरतात. स्लीव्ह हलत नाही, बोल्ट हलत नाही. पाटा खालीवर होताना जे काही पिळायचं ते रबराने. हे वाक्य मी आज वहीत लिहिलं. लिहिताना ते मला कळलं होतं असं मात्र म्हणता येणार नाही.

बोल्ट १२ मिमीचा. डोकं चाकाच्या बाजूला, नट आतल्या बाजूला. डोक्यावर ७ कोरलेला, म्हणजे सुझुकीच्या पद्धतीत जरा कडक जातीचा. नट बघून मात्र पोटात गोळा आला. नटाचे सहा पैलू कुठे आणि गंज कुठे, सांगता येईना. आधीचा मालक या गाडीने खाडीवर होड्या ओढायचा. भरतीला गाडी पाण्यात उतरवायची आणि होडी वर आली की तशीच अंगणात लावायची. गोड्या पाण्याचा पाइप तिने कधी पाहिला असेल असं वाटत नाही.

तारेच्या ब्रशने घासून बोल्टाच्या दोन्ही टोकांना तेल सोडलं. तेल घरचंच: निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल), निम्मं अ‍ॅसिटोन. दोन्ही एकजीव होत नाहीत, त्यामुळे दर वेळी बाटली हलवावी लागते.

६ ते ११ ऑक्टोबर

रोज शाळेतून आलो की तेल, आणि नटाच्या बाजूवर हातोडीने वीस-पंचवीस हलके ठोके. ठोक्यांनी गंजाला केसाएवढ्या भेगा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. शेजारच्या घरातून रोज कोणीतरी विचारतं, "मास्तर, देवळाची घांट वाजवतात काय?"

कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका दुकानाला फोन करून बुश आणि नवा बोल्ट-नट सांगितला. एसटीच्या पार्सलने येईल.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी साडेआठ. नटावर गोटी पाना, डोक्यावर रिंग पाना. नट थोडा फिरला आणि सोडल्यावर आपोआप मागे आला. पुन्हा फिरवला, पुन्हा मागे. बाहेरचा रिंग पाना नीट बसला नव्हता, त्यामुळे नटाबरोबर बोल्टही फिरत होता. रिंग पाना चॅसिसला टेकवून अडवला. आता नट जराही हलेना.

मग मी जे केलं ते सगळेच करतात. पान्याच्या दांड्यात मीटरभर जीआय पाइप घातला आणि पाय रोवून खाली दाबला.

आवाज मोठा झाला नाही. सुपारी फुटावी तसा 'टक्', आणि मी कोपरावर. गोटीत नट होता आणि नटात बोल्टाचं आट्यांचं टोक. बाकीचा बोल्ट हँगरच्या आतल्या कानाशी सपाट तुटलेला. तुटलेला भाग कडेला काळा आणि मधोमध चकचकीत. कडेची भेग जुनी होती, मी फक्त शेवटचा दाब दिला, असं मी स्वतःला समजावलं. रात्री हिशोब केला: आट्यांच्या मुळाशी १२ मिमीचा बोल्ट जेमतेम साडेदहा मिमी उरतो. या प्रतीच्या लोखंडात तो शे-दीडशे न्यूटन-मीटरला पिळून तुटावा. मीटरभर पाइपच्या टोकाला मी नुसतं निम्मं वजन टाकलं असेल तरी तीनशेच्या वर जातं. भेग नसती तरी तो तुटलाच असता. नववीच्या वर्गाला परिबल शिकवतो मी.

तरी दुपारी खूश होतो. नट गेला, डोकं बाहेरच्या बाजूला शाबूत आहे, आता आतून पंच लावून दोन घाव घातले की बोल्ट बाहेर. दोन नाही, शंभरेक घाव घातले. दोन किलोचा घण. प्रत्येक घावाला घण उसळून परत येत होता, गादीवर मारल्यासारखा. तुटकं टोक फुलून छत्रीसारखं पसरलं.

संध्याकाळी डोक्यावर गोटी लावून उलटा फिरवला. आठवा हिस्सा फिरला आणि मागे आला. पाइप लावला. पाव फेरा, काहीतरी फाटल्यासारखं वाटलं, अर्धा फेरा, मग पूर्ण! गोल गोल फिरायला लागला. मी गाडीखालूनच ओरडलो, "सुटला!" बायकोने चहा टाकला.

चहा पिऊन पुन्हा आत शिरलो. फिरतोय. बाहेर मात्र यत्किंचितही येत नाही.

१३, १४ ऑक्टोबर

फिरतोय. येत नाही.

डोक्यामागे दोन छिन्न्या समोरासमोर ठोकून पाहिल्या. छिन्न्या वाकल्या. तुटक्या टोकाला मध्यावर पंच मारून ड्रिल लावलं, तर बोल्ट ड्रिलबरोबर फिरू लागला. भाच्याला बाहेरून डोकं धरायला बसवलं. त्याचा हात सटकला आणि पाना त्याच्या नडगीवर बसला. भावजी काय म्हणतील या भीतीने ड्रिल बंद.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आजची नोंद नीट लिहितो. आज गाडी पेटली असती.

सगळे उपाय थकले की माणूस आगीकडे वळतो. रोटीच्या भट्टीवाल्याकडून गॅसचा बर्नर आणला. तर्क असा: १२ मिमीचं लोखंड तीनशे अंशांनी तापलं की साधारण ०.०४ मिमी फुगतं. निवताना आक्रसतं. तेवढ्याने गंजाची पकड मोडते. तर्कात चूक नाही. पण मी ज्योत लावत होतो रबराच्या बुशवर, दहा दिवस अ‍ॅसिटोन प्यायलेल्या बुशवर, आणि चॅसिसच्या कडेने गेलेल्या नळ्यांच्या शेजारी. नळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं होतं, जवळ वाळूची बादली होती. तेवढी अक्कल शाबूत होती.

अर्ध्या मिनिटात पाट्याच्या डोळ्यातून पिवळी ज्योत बाहेर आली आणि काळा धूर माडांच्या वर गेला. वाळू ओतली. विझलं. जळक्या रबराची घाण अजून नाकात आहे. हा धूर नुसता घाण नसतो, विषारीही असतो. दहा मिनिटं गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसून खोकत होतो.

धूर बघून शेजारचे तात्या आले. तात्यांनी चाळीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त केली आहेत. आता गुडघे दुखतात म्हणून बंदरावर जात नाहीत. दहा दिवस ते गडग्यापलीकडून माझी घंटा ऐकत होते.

"मास्तर, काय जाळतास?"

सगळं सांगितलं. ते पोटावर झोपून आत शिरले. टॉर्च मारला, म्हणाले, "डोक्या फिरवा बघया." फिरवलं. "पुन्ना." मग हात बाहेर काढून म्हणाले, "खडू आसा?"

माझ्या शर्टाच्या खिशात खडू नसतो असा दिवस जात नाही. हँगरचा कान आणि पाट्याचा डोळा यांच्या मधल्या फटीत स्लीव्हची कड दिसते, जेमतेम चार-पाच मिमी. तात्यांनी त्या कडेवर खडूची एक रेघ ओढली. मी बोल्टाचं डोकं फिरवलं. रेघ बोल्टाबरोबर फिरली.

"बोल्ट फिरणा नाय, मास्तर. रबर फाटला, ता फिरता."

दोन आठवडे मी आट्यांशी भांडत होतो. आट्यांची गोष्ट बारा तारखेला नटाबरोबरच संपली होती. बोल्ट धरला होता स्लीव्हमध्ये, पूर्ण लांबीभर. पाना मागे यायचा तो रबराचा पीळ होता. घण उसळायचा तोही रबरामुळेच. आणि 'सुटला' म्हणून ओरडलो तेव्हा बोल्ट, स्लीव्ह आणि गंज असा एकजीव झालेला दांडा फाटलेल्या रबरात फिरत होता. पहिल्याच दिवशी पाना आपोआप मागे आला तेव्हाच त्याने सांगितलं होतं.

तात्या निघताना एवढंच म्हणाले, "तो भायर येवचो नाय. कापूक व्हयो. आग लावू नकात."

रात्री विचार करत बसलो. पुढच्या टोकाच्या शॅकलच्या पिना तेवढ्याच खाऱ्या पाण्यात बुडाल्या होत्या. त्या मी पाच तारखेला सहज सैल करून पाहिल्या होत्या. का सुटल्या? तिथे बुश नुसत्या रबराचा आहे, पीन थेट रबरात बसते. लोखंडाला लोखंड लागत नाही. इथे बोल्ट आणि स्लीव्ह यांच्यात कागदाएवढी फट, ती पाणी शोषून घेते, आणि दोन्ही एकमेकांवर कधीच घासत नाहीत म्हणून तिथला गंज कधी मोडत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. जागा नसते. मग तो पाचर ठोकल्यासारखा बसतो. जे हलत नाही तेच धरतं. मिठामुळे हे सगळं लवकर होतं एवढंच.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कापायची जागा ठरली: डोळ्याच्या दोन्ही अंगांना, कान आणि डोळा यांच्या मधल्या फटीत. स्लीव्ह आणि बोल्ट दोन्ही एकदम कापायचे. मग पाटा बोल्टाच्या मधल्या तुकड्यासकट खाली येईल, आणि कानांत अडकलेले दोन ठोकळे ठोकून काढता येतील. हँगरला धक्का लागता कामा नये, तो चॅसिसला जोडलेला आहे. तो कापला गेला तर काम माझ्या हातचं राहणार नाही.

आधी पाट्यावरचा भार काढला. चॅसिस घोड्यांवर, आसाखाली जॅक. जॅक वर-खाली करत फटीतून बघत राहायचं: स्लीव्ह डोळ्याच्या बरोबर मध्यावर आली, वरचं आणि खालचं रबर सारखं दिसलं की बोल्टावर भार नाही. हे न करता कापलं तर शेवटच्या क्षणी पाटा उडतो आणि ब्लेड, बोट, काय मध्ये असेल ते दाबतो.

बाहेरची फट ग्राइंडरने. चार इंची ग्राइंडर, १ मिमीची कटिंग चकती. ब्रेकच्या नळीवर जुना पत्रा बांधला, अ‍ॅसिटोनची बाटली घरात ठेवली, गॉगल. ठिणग्या पायांवर. चकती दोन-तृतीयांशापर्यंत पोचली, पुढे ग्राइंडरचा गळा डोळ्याला टेकला. उरलेलं हॅक्सॉच्या उघड्या ब्लेडने. एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली.

एक अडचण कोणी सांगितली नव्हती. फिरणारा बोल्ट करवतीबरोबर मागेपुढे फिरतो. दहा मिनिटं ब्लेड चालवलं आणि बघितलं तर ओरखडा तेवढाच. डोक्यावर रिंग पाना चढवून त्याचा दांडा सुंभाने चॅसिसला करकचून बांधला. मग ब्लेड चावायला लागलं.

बाहेरचा काप साडेअकराला पूर्ण. एक चकती, दोन ब्लेडं.

आत ग्राइंडर शिरतच नाही. तिथे फक्त हात. उताणा पडून, डोळ्यांत लालसर पूड, ब्लेडची चाल जेमतेम तीन इंच. दर इंचाला २४ दाते असलेली ब्लेडं आणली होती, ती स्लीव्हचं मऊ लोखंड भराभर कापतात आणि बोल्टाला लागली की गुळगुळीत होतात. शिवाय बाहेरचा काप झाल्यावर रिंग पान्याचा उपयोग संपला, कारण डोकं आता वेगळं झालं. मधला तुकडा पुन्हा फिरू लागला. शेवटी बाहेरच्या कापात एक पातळ छिन्नी ठोकून तुकडा रुतवला. हे उलट क्रमाने करायला हवं होतं: आधी आतला काप हाताने, डोकं धरून, आणि मग बाहेरचा ग्राइंडरने. उजव्या बाजूला हे लक्षात ठेवायचं.

दुपारी एक वाजता थांबलो. निम्मंही नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी सात ते नऊ. बायमेटल ब्लेडं, कुडाळहून भाच्याने आणली. महाग आहेत, पण तुटत नाहीत, वाकतात. सावकाश, लांब चाल, पुढे जाताना दाब आणि मागे येताना हलकं. घाई केली की दाते बोथट होतात.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ब्लेड एकदम हलकं झालं. जॅक इंचभर खाली घेतला आणि पाटा डोळ्यासकट हँगरमधून खाली आला. काहीच आवाज न करता. मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो.

कानांतले ठोकळे: बाहेरचा, डोक्याचा, दोन ठोक्यांत पडला. आतला छत्री झालेला, तो ग्राइंडरने घासून काढला. हँगरची भोकं गोल आहेत, पसरलेली नाहीत. गंज खरवडला, प्रायमर लावला.

तात्यांना मधला तुकडा दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेऊन स्लीव्ह आणि बोल्ट यांच्यातली सांध बघितली. सांध नव्हतीच. "आता ह्यो व्हाइसमध्ये धरा नि मारा बघया घण," म्हणाले. मारून पाहिला. नऊ घावांनंतरही बोल्ट स्लीव्हमधून सरकला नाही. गाडीखाली उताणं पडून तो निघाला असता, हे मला कोणत्या आधारावर वाटलं होतं?

२० ते २३ ऑक्टोबर (दिवाळी)

काम बंद. पार्सल आलं. उघडलं तर आत शॅकलचे रबरी बुश, आठ नग. फोन केला. "साहेब, जिप्सीचा पाटा बुश म्हटलं की सगळे हेच नेतात." बरोबर आहे, सगळ्यांना हेच सुटतात.

भाऊबीजेला ताईकडे वेंगुर्ल्याला एसटीने गेलो. तिने ओवाळताना विचारलं, गाडी कुठे आहे. भाचा हसला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

अवकाळी पाऊस. ज्यांची भातं कापून शेतात पडली आहेत त्यांचे हाल बघवत नाहीत. त्यापुढे माझा बुश म्हणजे काहीच नाही. पाटा यू-बोल्ट सोडवून पडवीत आणला.

जुन्या बुशची बाहेरची नळी डोळ्यात बसलेली. रबर आधीच फाटलेलं होतं, चाकूने उरलेलं कापून मधला गाभा काढला. मग ब्लेड डोळ्यातून ओवून फ्रेमला जोडलं आणि नळी आतून लांबीने कापली. इथे जपून. नळी कापली गेली की थांबायचं, पाट्याच्या डोळ्याला ओरखडा पडू द्यायचा नाही. पाट्याचं पोलाद कडक असतं, ओरखड्यापासून भेग चालते आणि सहा महिन्यांनी कुठल्यातरी खड्ड्यात डोळा फाटतो. नळीची भिंत केसाएवढी राहिली तेव्हा छिन्नीने आत वळवली. दबली, सैल झाली, बाहेर.

एकूण पाऊण तास. सगळ्या कामातला हा एकच भाग अंदाजाइतका चालला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

योग्य बुश आले. दोन मागवले, डावा-उजवा. बोल्ट-नट चार. दुकानदाराने विचारलं, चार कशाला. म्हटलं, असू देत.

शनिवार, १ नोव्हेंबर

बुश बसवायला प्रेस नाही. लांब आट्यांची सळी, दोन जाड वायसर, दोन नट. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीएवढा पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला डोळ्याच्या कडेवर टेकेल असा त्याहून मोठा. आवळत जायचं, बुश सरकत आत जातो. पहिला प्रयत्न तिरका गेला, काढून पुन्हा. दाब बाहेरच्या नळीवरच यायला हवा. मधल्या स्लीव्हवर आला तर नवं रबर सुटतं आणि आपण नवाच फाटका बुश बसवतो.

पाटा जागेवर. बोल्टाच्या दांड्याला स्लीव्हमध्ये बसणाऱ्या लांबीभर कॉपर ग्रीस, भरपूर. आट्यांना नाही. आटे ग्रीसने निसरडे झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्ट हाताने आत गेला, कानातून, स्लीव्हमधून, दुसऱ्या कानातून. एवढ्यासाठी महिना.

नट फक्त हाताने लावला. आवळला नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

चाक चढवलं, घोड्या काढल्या, गाडी चारही चाकांवर आली. पुढच्या बंपरवर दोन-चारदा उड्या मारून पाटे बसवले. मग गाडीखाली सरपटत जाऊन, गाडीचा भार पाट्यांवर असताना, नट टॉर्क पान्याने मॅन्युअलातल्या आकड्यापर्यंत आवळला.

हे बहुतेक गॅरेजमध्ये कोणी करत नाही, कारण चाक लटकत असताना हात पोचतो आणि गाडी खाली आल्यावर पोचत नाही. पण नट आवळला त्या क्षणी स्लीव्ह हँगरला जखडते. पाटा लटकलेला असताना जखडली तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नुसत्या उभ्या गाडीतही कायम पिळलेलंच राहतं. असा बुश लवकर फाटतो. पंधरा दिवसांपूर्वी हे वाचलं असतं तर मान डोलावून पुढे गेलो असतो. आता त्या रबराचा पीळ माझ्या मनगटाला ठाऊक आहे.

देऊळवाड्यापर्यंत जाऊन आलो. गतिरोधकावर मुद्दाम जोरात. ब्रेक. काही नाही. परत येताना उजवीकडून अगदी बारीक 'खट्', पूर्वी डावीकडच्या आवाजात तो दबून जात असावा.

घरी आल्यावर उजवी बाजू वर घेतली. नटावर पाना लावून हलकेच दाबला. थोडा फिरला. सोडला, तर मागे आला. पाना काढून ठेवला, पाइपला हात लावला नाही. फटीत टॉर्च मारून स्लीव्हच्या कडेवर खडूची रेघ ओढली आणि डोकं किंचित फिरवलं.

संध्याकाळी तुळशीच्या लग्नाला तात्या आले होते. अक्षता टाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मगे? उजवो?"

"रेघ फिरली, तात्या."

"मगे ब्लेडां हाडा."

सहा बायमेटल ब्लेडं सांगितली आहेत. आधी आतला काप.